पेट्रोल कारच्या पंपाने ट्रॅक्टरची थंडी जात नाही

‘थंडीत छोटा ट्रॅक्टर सुरू होत नाही? हे पाच उपाय करा’ असा एक संदेश सध्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फिरतोय. डिझेलमध्ये रॉकेल किंवा थोडं पेट्रोल मिसळा, पेट्रोल कारचा इलेक्ट्रिक पंप लावा, हीटर (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा प्लग) चालू ठेवून एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा, जाड ऑइल भरा, आणि तरीही झाला नाही तर टोचन लावून ओढा, हे ते पाच उपाय. संदेश खास करून इंजिन बदललेल्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी आहे, म्हणजे मूळ इंजिन गेल्यावर जुनं जपानी तीन सिलिंडरचं किंवा एखादं सिंगल सिलिंडर इंजिन बसवलेल्यांसाठी. आमचे मेहुणे तो वाचून भंगारातून पंप घेऊनही आले, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी रॉकेल. थंडीने डिझेल गोठतं म्हणून ते पातळ करायचं, असं संदेश म्हणतो. आपल्या डिझेलचं मानक आहे आयएस १४६०. त्यानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकलं जाणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट गेलंच पाहिजे आणि ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. निफाडचा पारा पाच-सहावर येतो तो पहाटे काही तास. तेवढ्यात टाकीभर डिझेल गोठत नाही. डिझेल गोठण्याचा खरा प्रश्न लडाखचा. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांचं वेगळं डिझेल काढलं.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. त्याच मानकात उन्हाळी डिझेलला फिल्टरसाठी १८ अंशांची मुभा आहे. छाटणीच्या वेळी ऑक्टोबरात बॅरल भरून ठेवलं असेल, तर जानेवारीत त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकू शकतं. अशा वेळी फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं गुंडाळा आणि ताजं डिझेल भरा. रॉकेल नको. नोजलला दाबाने डिझेल देणाऱ्या डिझेल पंपाचे प्लंजर (दट्टे) डिझेलच्याच वंगणावर चालतात, रॉकेलने ते घासतात. पेट्रोल तर त्याहून वाईट. डिझेल इंजिन नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेट घेतं आणि पेट्रोल अशा पेटण्याला दाद देत नाही, म्हणजे सुरू होणं उलट अवघड होतं. शिवाय टाकीत पेट्रोलची वाफ साठते, तो धोका वेगळाच.

आता पंप. हा सल्ला सगळ्यात जास्त उचलला जातोय आणि सगळ्यात बिनडोकही हाच आहे. इंजेक्शनवाल्या पेट्रोल कारचा पंप साधारण ३ बार दाब देतो. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाला तोंडाशी लागतो पाव बारच्या आसपास. दहापट दाब दिल्यावर फिल्टरची सीलं आणि क्लिपा गळतात. टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा जुना फीड पंप तसाच लाइनमध्ये ठेवला असेल तर त्याचा पडदा फाटतो आणि डिझेल सरळ इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर सेल्फ मारूच नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं, आणि भरमसाट झालं तर इंजिन तेच जाळत सुसाट सुटतं. मग स्टॉपची दोरी ओढूनही ते थांबत नाही. त्यातून हे पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून थंड राहण्यासाठी केलेले असतात. बाहेर लटकवून दाट डिझेल ओढायला लावले की तापून बसतात.

मुळात पंप बदलण्याआधी पंपच दोषी आहे का, हे बघायला नको? इंजिन बदलताना टाकी बहुतेक वेळा पंपाच्या खाली जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं, लाइनला एअर धरते, म्हणजे नळीत हवा शिरते, आणि दोष थंडीला दिला जातो. खात्रीसाठी कॉकवाली नळी लावलेली एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. पंपापेक्षा दीड-दोन फूट उंच बांधून ती थेट फिल्टरच्या इनलेटला जोडा. रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी नळी, वेगळ्या डब्यात सोडा. संध्याकाळी एअर काढून इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, कॉक बंद करा. सकाळी कॉक उघडून नेहमीइतका हीटर द्या आणि सेल्फ मारा. लगेच सुरू झालं तर दोष टाकी आणि फिल्टरच्या मधे आहे. नाही झालं तर हीटर, बॅटरी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, नवा पंप काही करणार नाही.

दोष मधे सापडला की कडक झालेली रबरी नळी, टाकीतल्या पिकअप नळीची चीर, नळ्या जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर आणि फीड पंपातले घाणीने उघडे राहिलेले व्हॉल्व्ह तपासा. नोजलची रिटर्न नळी फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडलेली असेल तर तिथूनही हवा येते, ती टाकीतच गेली पाहिजे. आणखी एक: हँड लीव्हर सैल लागला म्हणून चांगला फीड पंप फेकू नका. पंपाखालचा कॅम उचललेल्या स्थितीत थांबला की लीव्हरला चाल मिळत नाही. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा आणि पुन्हा दाबून बघा.

इलेक्ट्रिक पंप कधीच लावू नये असं मी म्हणत नाही. नव्या इंजिनाला फीड पंपाची जागाच नसेल आणि टाकी खाली असेल, तर तो लावावाच लागतो. पण डिझेलचा, पाव बारच्या आसपासचा, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीखाली, आधी जाळीचा फिल्टर घालून. वीज रिले आणि फ्यूजमधून द्या, आणि मधे ऑइल प्रेशर स्विच घाला, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. सेल्फ मारताना ऑइलचा दाब नसतो, म्हणून सेल्फच्या तारेवरून वेगळी फांदी लागते. जुन्या नळ्या मात्र आधी बदला. जी फट आजवर हवा आत घेत होती, ती आता डिझेल बाहेर फेकेल, आणि खाली तापलेला सायलेन्सर असेल.

स्प्रेबद्दल स्पष्ट सांगतो: हीटर चालू असताना स्प्रे मारणं म्हणजे इंजिन फोडणं. त्यातला ईथर पावणेदोनशे अंशांच्या आसपास स्वतःहून पेटतो, आणि हीटर प्लगचं टोक ८०० अंशांच्या पुढे तापलेलं असतं. पिस्टन वर येत असतानाच भडका उडतो. रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुटक्या रिंगांनी कॉम्प्रेशन घटतं, म्हणून पुढच्या सकाळी आणखी स्प्रे लागतो. लोक त्याला इंजिनला सवय लागली म्हणतात.

जुन्या जपानी इंजिनात बहुधा प्रीचेंबर (डिझेल आधी पेटायची छोटी खोली) असतो, हीटरशिवाय ते थंडीत उठतच नाही. इंजिन बदलताना नेमकी हीटरची तार राहून जाते किंवा बारीक घातली जाते. प्लगची तार सोडून मल्टिमीटर लावा: साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवला तर प्लग जिवंत, काहीच दाखवलं नाही तर गेला. मग सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग कच्चं आहे. रबरी माउंटिंगवर बसवलेल्या इंजिनात हे सर्रास सापडतं.

जाड ऑइलने सेल्फ आणखी जड होतो, पुस्तकातल्या ग्रेडवरच राहा. टोचन लावून ओढल्याने वरच्यातला एकही दोष जात नाही, क्लच आणि गिअरवर ताण मात्र येतो.