नानालम

बायकोची बदली हाँगकाँगला झाली आणि तिच्या मागोमाग मी. मागोमाग, लागोपाठ, धडाधड, हे निस्तरतंय तोच ते... एकावर एक संकटं कोसळायची मराठीत काय झकास सोय आहे! तीच इथल्या कॅन्टोनीज भाषेत करून घ्यायला संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

बाईंनी आधी 'यत्... चाउ' शिकवलं, म्हणजे हे झालं रे झालं की ते. 'च' आपल्या चमच्यातला, त्यामुळे पहिल्या दिवशी मी वर्गात हुशार ठरलो. दाराबाहेर 'यत्' पाऊल टाकलं, 'चाउ' पाऊस आला. मग 'चिप्-यी-लिन्-साम', म्हणजे एकापाठोपाठ एक. शब्दशः, दोनाला जोडून, तिनाला जोडून. (आमच्याकडे दोनाचे चार झाल्यावर हे सुरू होतं.)

घरी त्या आठवड्यात गीझर, वॉशिंग मशीन आणि माझी दाढ एकदम गेली होती. उदाहरण आयतंच होतं. घटनेला 'सी' म्हणतात. पण सूर सहा. खालचा धरला तर घटना, अगदी वरचा लागला तर कविता. इतिहास, वेळ, बाजार, प्रयत्न हेही सगळे 'सी'च. मी दाढ दाबत तळमळून सांगितलं आणि बाई कौतुकानं म्हणाल्या, "वा! एका आठवड्यात इतक्या कविता?"

शेवटी 'नानालम' आला. म्हणजे झटपट, चटकन. मला आमचे नाना डोळ्यांपुढे आले, जे आयुष्यात कधी झटपट उठले नाहीत. बाई म्हणाल्या, बोलताना पुष्कळ लोक 'न'चा 'ल' करतात, कान ठेवा. मी वहीत लिहिलं आणि विसरलो.

मोंगकॉकहून सुटणाऱ्या लाल मिनीबसला ठरलेले थांबे नसतात. उतरायचं तर 'याउ लोक्' ओरडायचं. एकटाच असलो तरी 'लोक'. समोरच्या लाल आकड्यांत वेग ७८ दिसत होता. मी मनात सूर लावेपर्यंत माझी गल्ली गेली, पुढचीही गेली. तिसऱ्या गल्लीला ओरडलो. बस करकचून थांबली, 'यत्' उठलो 'चाउ' छत्री दांड्यात अडकली, ती सोडवतोय तोच सुटे पैसे सांडले. पैसे उतरताना द्यायचे असतात, मी सीटखाली.

ड्रायव्हर वळून गरजला, "लालालम!"

समजलं! आयुष्यात पहिल्यांदा, वहीत न बघता! मी सीटखालूनच आनंदानं ओरडलो, "नानालम!"

मागच्या आजींनी पाठीत छत्री टोचली.