पाच वर्षं थांबा म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या ग्रुपवर, मग मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा : मूल उशिरा बसलं, उशिरा बोललं तरी घाबरू नका, पाच वर्षांपर्यंत सगळं आपोआप येतं. दवाखान्यात नेलंत तर रोगाचं नाव चिकटेल. अपंगत्वाचा दाखला काढलात तर जन्माचा शिक्का बसेल. व्यायामानं मूल रडतं, तेलानं मालीश पुरे. आणि एवढं करूनही सुधारलं नाही, तर साध्या शाळेत घालून इतर मुलांचं नुकसान करू नका, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात.

खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली होती. माझी लेक सात वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी असतो, तिच्या बाबतीत उजव्या अंगाचा. त्यातलं एकेक वाक्य मी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि पहिलं तर मी स्वतःच स्वतःला सांगत होते.

ती सात महिन्यांची असताना तिला आंघोळ घालायला बसले की उजवी मूठ मला सोडवून घ्यावी लागायची. अंगठा आत, त्यावर चार बोटं घट्ट. उघडली की तळहाताच्या रेषांत कालच्या बेसनाचा ओलसर चुरा आणि गोधडीचा धागा सापडायचा. डावा हात मात्र चमचा, खुळखुळा, माझं मंगळसूत्र, सगळं ओढायचा. घरात सगळे म्हणायचे, डावखुरी होणार, आजोबांवर गेलीय. मलाही ते गोड वाटायचं.

डावखुरेपणा इतक्या लवकर ठरत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल, तर ते दुसऱ्या हाताकडे पाहायला सांगत असतं. हे ओळखलं आमच्या अंगणवाडी सेविकेनं, वजनाच्या दिवशी. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा त्यातल्या डॉक्टरबाईंनी लेकीचा डावा हात हलकेच धरून ठेवला आणि उजवीकडून खुळखुळा पुढे केला. ती रडली, पण उजवा हात उचलला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं आणि तपासणी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत फुकट असते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. 'शीघ्र' हा शब्द सरकारनंच घातलाय, पाच वर्षांनी नव्हे.

'प्रत्येक मुलाची गती वेगळी' हे खरं आहे. पण त्या वेगळेपणालाही हद्द आहे. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं, एवढं होत नसेल तर दाखवायचं. दाखवलं आणि काही निघालं नाही, तर एक दिवस आणि एसटीचं तिकीट गेलं. न दाखवता काही असलं तर काय जातं, ते ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, लाखो रुपये लागतात. केंद्राच्या ज्या योजनेतून ते मोफत होतं, ती जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांच्या आतच आहे. म्हणजे संदेशानं सांगितल्याप्रमाणे थांबलात, तर बरोबर दार बंद झाल्यावर पोचाल. शिवाय ऐकू आलं नाही त्या वर्षांत भाषा मेंदूत रुजायची राहते ती राहतेच.

मालिशीबद्दल मला कुणाशी भांडायचं नाही. सासूबाई आजही रात्री खोबरेल तेल लावतात, लेकीला ते आवडतं. पण तिचा हात आखडतो तो मेंदूतून येणाऱ्या आज्ञेमुळे, तेल तिथवर जात नाही. मेंदूची इजा पुढे वाढत नाही. मूल वाढतं, हाडं लांब होतात, आखडलेले स्नायू त्यांच्या मागे राहतात, आणि मग टाच जमिनीला टेकेनाशी होते. व्यायाम आणि पायातला स्प्लिंट, म्हणजे पाय नीट धरून ठेवणारा आधार, त्यासाठी. रडण्याचंही सांगते. आमच्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वहिनी, दुखून रडली तर लगेच थांबायचं आणि मला कळवायचं, चिडून रडली तर खेळ बदलायचा. त्यांच्या सांगण्यावरून रोज थोडा वेळ डाव्या हाताला मऊ मोजा घालायचो आणि उजव्या हातानं फणसाच्या आठळ्या एका टोपातून दुसऱ्यात टाकायच्या. पहिला आठवडा नुसती आरडाओरड. मग एका दुपारी पडवीत टोपात एक आठळी पडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं दुसरी. सासूबाई चुलीपुढून उठून बघायला आल्या. हे करताना ती चौदा महिन्यांची होती. पाच वर्षांपर्यंत थांबलो असतो तर त्या हातानं मूठच धरून ठेवली असती.

देवाला गाऱ्हाणं आम्हीही घातलं. देवानं व्यायाम बंद करायला सांगितलं नाही.

आता शिक्क्याचं. दाखला काढायला माझ्या नवऱ्याचाच जास्त विरोध होता, धाकटीचं लग्न कसं होणार इथपर्यंत त्याचं मन गेलं होतं. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. दाखला कुणी गावात वाचून दाखवत नाही. आपण काढून दाखवू तेव्हाच तो दिसतो. आणि तो जन्माचाच असतो असंही नाही, मुलाची स्थिती बदलण्यासारखी असेल तर त्यावर मुदत घालून देतात आणि पुन्हा तपासतात. दाखला नसला म्हणून लेक काही कमी लंगडणार नव्हती. गावाला दिसायचं ते दिसतच होतं, फक्त आम्हाला मिळायचं ते मिळत नव्हतं : एसटीच्या भाड्यातली सवलत, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, पुढे दहावीच्या परीक्षेतला जादा वेळ. आमच्यासारख्यांना, तवसाळहून फेरीबोटीनं जयगड आणि तिथून गाडीनं रत्नागिरी गाठणाऱ्यांना, भाड्याची सवलत ही छोटी गोष्ट नसते. उपचार मध्येच सुटतात ते बहुतेक वेळा प्रवासापायी.

सगळ्यात जास्त लागलं ते शाळेचं वाक्य. कारण ते आम्हाला एका शाळेत समोरासमोर ऐकवलं गेलं. "आमच्याकडे सोय नाही, पडलीबिडली तर जबाबदारी कोणाची?" मी तेव्हा घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला : प्रवेश नाकारत असाल तर कारण लेखी द्या. दोन प्रती, एकीवर तारखेसह पोच मागितली. लेखी नकार आला नाही. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं. तीच पोच घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका सोबत आल्या, आणि पुढच्या आठवड्यात प्रवेश झाला.

ही त्यांची मेहेरबानी नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, असं तो सांगतो. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपण निवडू तिथे. निवड आपली, शाळेची नाही. विशेष शाळांना मी नावं ठेवत नाही. काही मुलांना तिथलीच माणसं आणि तिथलीच पद्धत लागते, आणि ते ठरवणाऱ्या आईबापांना कुणी हिणवू नये. पण आमच्याकडून विशेष शाळा म्हणजे वसतिगृह, आणि सहा वर्षांच्या पोरीला वसतिगृहात ठेवायचं ते केवळ शेजारच्या शाळेला दोन पायऱ्यांना कठडा लावायचा नाही म्हणून?

कठडा लागला. पाखाडी उतरून शाळेत जाताना तिला माझा हात लागतो, पण जांभ्याच्या त्या दोन पायऱ्या ती कठडा धरून एकटी चढते. वही सरकू नये म्हणून बाईंनी बाकावर रबरी चटईचा तुकडा चिकटवलाय. इतर मुलांचं नुकसान म्हणाल, तर खिचडीच्या वेळी तिचं ताट धरायला कोण बसणार यावरून भांडणं होतात, एवढंच. अंगणवाड्यांसाठी तर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग बालकांसाठीची कार्यपद्धतीच काढली आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलालाही 'इथे नको' म्हणायची सोय उरलेली नाही.

संदेश पाठवणाऱ्यांचा राग मला येत नाही. घाबरलेल्या आईला धीर द्यावासा वाटणं समजतं, मलाही तेव्हा कुणीतरी "काही नाही होत गं" म्हणावं असंच वाटायचं. म्हणून ग्रुपवर भांडण न करता मी त्या संदेशाखाली फक्त अंगणवाडीत पथक येण्याची तारीख लिहिली आणि माझा नंबर. संध्याकाळी दोन फोन आले. एकीचं बाळ दहा महिन्यांचं आहे, अजून धरल्याशिवाय बसत नाही. पथकाला अजून दीड महिना आहे, तेवढं थांबायचं नाही असं आम्ही ठरवलं. सोमवारी पहिल्या फेरीबोटीनं तिला घेऊन मीच निघतेय, लेकीच्या स्प्लिंटचं मापही तेव्हाच बदलायचं आहे.