काउबॉयच्या अंगावर टिचबटणाचा शर्ट कुणी चढवला?

गेल्या महिनाभरात एकच रील मला चार ग्रुपांवर आली. शेवटी मामेभावानेही पाठवली, वर 'तुझ्या कामाची आहे' असं लिहून. रीलचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या काउबॉयनी दीडशे वर्षांपूर्वी टिचबटणांचा शर्ट शोधून काढला. बैलाच्या शिंगात शर्ट अडकला की एका झटक्यात सगळी बटणं टपाटप सुटायची आणि माणूस वाचायचा. हॉलीवूडने तो शर्ट जसाच्या तसा पडद्यावर आणला, आणि पुढे शहरी फॅशनवाल्यांनी कष्टकऱ्यांचा हा शर्ट ढापला. सोबत १८८० सालचा म्हणून एका काउबॉयचा तपकिरी फोटो.

मी शिंप्याच्या घरात वाढलो. शाळेतून आल्यावर काजं करायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे बटण या विषयावर कुणी काहीही सांगितलेलं मला खपत नाही. या रीलमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटं आहे. एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी दीडशे वर्षांचा हिशेब. टेक्सासमधून गुरांचे कळप हाकत कॅन्सासच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे, तो काउबॉयचा खरा काळ १८६६ च्या आसपास सुरू होतो आणि वीसेक वर्षांत आटोपतो. १८७४ मध्ये ग्लिडन नावाच्या माणसाने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळी कुरणं कुंपणात जायला लागली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने कळपच्या कळप मारले. आता टिचबटण. हेरिबर्ट बाउअर नावाच्या जर्मन माणसाने त्याचं पेटंट घेतलं १८८५ मध्ये, आणि तेही पुरुषांच्या पँटीसाठी. म्हणजे तिकडे जर्मनीत टिचबटण जन्माला येत होतं तेव्हा इकडे काउबॉयचा धंदा बसत चालला होता. दोघांची गाठ पडायला निदान चाळीसेक वर्षं अजून बाकी होती.

मग ते घालायचे काय? लोकरीचे किंवा जाड सुती शर्ट. बहुतेक डोक्यातून घालायचे, आपल्या झब्ब्यासारखी छातीपर्यंत पट्टी आणि तीन-चार साधी बटणं. बऱ्याच शर्टांना कॉलर नसायची. खिसाही बहुधा नसायचा, म्हणून तर अंगात वास्कट. तंबाखू आणि काड्यापेटी वास्कटाच्या खिशात. अर्विन स्मिथ या फोटोग्राफरने १९०५ पासून पुढची काही वर्षं टेक्सासच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, राहून कामाला जुंपलेल्या माणसांचे फोटो काढले. ते आज फोर्ट वर्थच्या एमन कार्टर म्युझियममध्ये आहेत. ते बघा. साधे, चुरगळलेले, घामट शर्ट. खांद्यावर टोकदार योक (खांद्यावर जोडलेला वेगळा तुकडा) नाही, शिवणीवर पाइपिंगची बारीक गोट नाही, चमकतं बटण तर नाहीच.

मग हा शर्ट शिवला कुणी? इथे रीलवाल्याने खरी मजा घालवली आहे.

फिलाडेल्फियात बर्नार्ड लिश्टेनस्टाइन नावाचा पोलंडहून आलेला शिंपी होता. फिलाडेल्फिया म्हणजे अटलांटिकच्या बाजूचं, गिरण्या-कारखान्यांचं शहर. तिथून काउबॉयचा मुलूख हजारो किलोमीटर लांब. रोडिओवाले, म्हणजे बैल-घोड्यांवर बसायचे खेळ करणारे, त्याच्याकडून कपडे शिवून घ्यायचे, म्हणून त्याचं नावच 'रोडिओ बेन' पडलं. वेस्टर्न शर्टाला टिचबटण लावणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव घेतलं जातं, आणि हा काळ १९३० च्या दशकातला. पुढे १९४७ मध्ये रँग्लर कंपनीची काउबॉयसाठीची जीन्स बाजारात आली, तिच्या मापा-बेतामागेही हाच माणूस.

दुसरा जॅक वाइल. जन्म १९०१, इंडियाना राज्यात. १९२८ मध्ये डेन्व्हरला आला तो मोजे वर धरायचे गार्टर विकायला. गुरं हाकायला नव्हे, गार्टर विकायला! १९४६ मध्ये त्याने तिथल्या वाझी स्ट्रीटवर 'रॉकमाउंट' ही कंपनी काढली आणि टिचबटणाचा शर्ट शिंप्याच्या टेबलावरून कारखान्यात नेला. खिशाच्या झाकणाला करवतीच्या दातासारखी दोन टोकं, त्यावर हिऱ्याच्या आकाराची टिचबटणं, कफाला एकाखाली एक टिचबटणांची रांग, अंगाला धरून बसणारं माप: आज ज्याला आपण वेस्टर्न शर्ट म्हणतो तो मुख्यतः याच्या कारखान्यातून घरोघरी गेला. हा गृहस्थ शंभरी उलटल्यावरही रोज ऑफिसात येऊन बसायचा. २००८ मध्ये, १०७ व्या वर्षी वारला.

तिसरा नूडी कोन. कीव्हमध्ये जन्मलेला न्यूता कोत्ल्यारेंको. न्यूयॉर्कमध्ये तो नाटक-तमाशातल्या नर्तकींचे कपडे शिवायचा, आणि १९४० च्या दशकात हॉलीवूडकडे येऊन काउबॉय गायकांचे शिवायला लागला. कपडे तेच, घालणारे बदलले, असं मी म्हणेन. खडे, भरतकाम, झालर. गायक एल्विस प्रेस्लीचा सोनेरी सूट याच्याच दुकानातला.

आता पोलंड, कीव्ह आणि डेन्व्हरच्या गार्टरवाल्याला बाजूला सारून जो 'रँचवर जन्मलेला शर्ट' उरतो, तो मला कुणी दाखवावा.

शिंगाचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही, कारण वाइल स्वतः हेच सांगायचा: काउबॉयला बटणं शिवत बसायचा कंटाळा, आणि शर्ट कुठे अडकला तर टिचबटण सुटतं, फाटत नाही. पण सांगणारा कोण, ते बघा. विकणारा. दुकानदाराचं म्हणणं खोटंच असतं असं नाही, पण तो इतिहास नसतो, ती जाहिरात असते.

आणि बटणाची यंत्रणा तरी समजून घ्या. टिचबटणाचे चार तुकडे. वरच्या पट्टीला टोपी आणि तिच्या आत वाटी. खालच्या पट्टीला खुंटी आणि तिला मागून धरणारी कडी. वाटीतली स्प्रिंग खुंटीची मान पकडते. ही पकड सरळ वर उचललं की लगेच सुटते, आणि आडवं ओढलं की बरीच टिकते. म्हणूनच पट्टी पकडून खसकन बाहेर ओढली की शर्ट वरून खाली उघडत जातो. शिंग समोरून पट्टीत घुसलं तर हेच होईल, मान्य. पण शिंग बाहीत घुसलं, पाठीला लागलं किंवा खोचलेल्या शर्टाच्या घेरात अडकलं तर टिचबटण काय करणार? शिवाय दोऱ्याने शिवलेलं साधं बटण तेवढ्या ओढीला टिकतं का? आमच्या दुकानात रोज दोन गिऱ्हाइकं तुटलेलं बटण घेऊन यायची, आणि त्यांच्यातल्या एकालाही बैलाने मारलेलं नव्हतं.

रोडिओत, म्हणजे खेळ म्हणून बैलावर बसणाऱ्यांना, या शर्टाचा उपयोग झाला असेल. पण रोडिओ हा तिकीट लावून दाखवलेला खेळ आहे. तिथे सुरक्षितता हवी तशी लांबून दिसणारी चमकही हवी, आणि त्या बटणांत चमक भरपूर आहे. रोजच्या वापरातला खरा फायदा फारच साधा, म्हणून तो रीलमध्ये येत नाही: बटण हरवत नाही आणि काज झिजून मोठं होत नाही. आमच्या आईने झबल्याला टिचबटणं लावली तीही याचसाठी, मला कुठल्या बैलापासून वाचवायला नाही.

'हॉलीवूडने जसाच्या तसा उचलला' याला फार वेळ द्यायची गरज नाही. मूकपटांच्या जमान्यात टॉम मिक्स पडद्यावर यायचा तो नटून-थटून, कुठल्याही गुराख्याने कामावर घातले नसते असे कपडे घालून. १९३५ च्या सुमारास जीन ऑट्रीसारखे गाणारे काउबॉय आले आणि शर्टावर वेलबुट्ट्या चढल्या. त्यांचे कपडे शिवणाऱ्या नेथन टर्कचा जन्मही पूर्व युरोपातला, आणि तिकडच्या गावाकडचं भरतकाम त्याच्या कामात उतरलेलं दिसतं. जॉन वेनच्या छातीवरचा तो दुहेरी बटणांच्या रांगांचा शर्टही सिनेमानेच काउबॉयच्या नावावर केला. १८७० च्या गोष्टीत नायकाच्या छातीवर टिचबटणं दिसली, तर तो दोष वेशभूषेचा.

उलट टिचबटणं जिथे बरोबर आहेत असे सिनेमेही आहेत. अँग ली यांचा 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५) सुरू होतो १९६३ च्या वायोमिंगमध्ये, आणि तोवर रँचवरची माणसं खरोखरच हा शर्ट घालत होती. त्यातले एकात एक घातलेले दोन शर्ट २००६ मध्ये लिलावात १,०१,१०० डॉलरच्या वर गेले. लोकांना त्यात इतिहास दिसला की प्रेम, कोण जाणे. पण तिथे कपडा आणि काळ जुळत होते.

उरली चोरी. इथे तर दिशाच चुकली आहे. १९२० च्या दशकात गुरांवर भागेना, म्हणून बरेच रँचवाले शहरातल्या पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवून घ्यायला लागले. पाहुण्यांना घोडा हवा, शेकोटी हवी, आणि फोटोत शोभेल असा पोशाख हवा. लिव्हाइसने १९३० च्या दशकात खास या पाहुण्यांसाठी कपडे काढले. म्हणजे काउबॉयचा छानछोकी पोशाख आधी मोठ्या प्रमाणावर विकला गेला तो काउबॉय नसलेल्यांना. मग सिनेमा, रोडिओ आणि दुकानं यांतून फिरत तो रँचवर पोचला, आणि तिथल्या माणसांना आवडला म्हणून राहिला. वायोमिंगच्या गुराख्याने शहरी फॅशन उचलली, असं म्हटलं तर ते रीलपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ जाईल. १९८० मध्ये 'अर्बन काउबॉय' हा सिनेमा आला आणि अमेरिकाभर या शर्टांची लाट आली. त्यातला जॉन ट्रव्होल्टा ह्यूस्टनजवळ तेलाच्या रिफायनरीत काम करतो आणि संध्याकाळी बारमध्ये यंत्राच्या बैलावर बसतो. त्या बैलाला गमतीला सुद्धा अडकायला शिंग नाही.

चोरीच म्हणायची असेल तर ती मेक्सिकन गुराख्यांची म्हणा. घोड्यावरून गुरं वळायची कला, फास टाकायचा दोर, काउबॉयला म्हणतात तो 'बकरू' हा शब्द (मूळ स्पॅनिश 'वाकेरो') हे सगळं त्यांच्याकडून आलं. तिकडच्या चारो, म्हणजे घोडेस्वारांच्या, पोशाखातलं भरतकाम वेस्टर्न शर्टावर उघड दिसतं. नूडीच्या दुकानातला नामांकित कारागीर मॅन्युएल क्वेव्हास हाही मेक्सिकोतल्या मिचोआकानचा. रीलमधला 'खरा काउबॉय' मात्र गोराच आहे.

आपल्याकडेही हा शर्ट थेट रँचवरून आला नाही. सत्तरच्या दशकात फिरोज खान पडद्यावर काउबॉय होऊन आला आणि गिऱ्हाईक पोस्टर दाखवून 'खांद्यावर असं टोक काढा' म्हणायला लागलं. वडील टोक काढून द्यायचे आणि खाली साधी बटणं लावायचे. तशी टिचबटणं आमच्या गावच्या बाजारात मिळायचीच नाहीत.

आता तो फोटो. मामेभावाला मी तो मोठा करून परत पाठवला. काउबॉयच्या दोन्ही खिशांना करवतीच्या दातांची झाकणं आहेत आणि त्यावर हिऱ्याच्या आकाराची टिचबटणं स्पष्ट चमकतायत. फोटो खरंच १८८० चा असेल, तर त्या माणसाने वाझी स्ट्रीटवरचं दुकान उघडायच्या ६६ वर्षं आधी तिथे रांग लावली असणार. मामेभावाने हसणारा चेहरा पाठवला आणि तासाभराने रील पाचव्या ग्रुपवर टाकली.