हरणे भरपूर असलेल्या रानातली शिकार

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि दर वर्षी त्या सुमारास मला एकच प्रश्न दोन बाजूंनी ऐकू येतो. गोंदियाहून मामा फोनवर विचारतात, "अगं, रस्त्यावर गाडीला आडवी येतात इतकी हरणं आहेत म्हणतेस, मग ती मारण्यात कसलं आलंय कसब?" इकडे पेट्रोल पंपावर भेटणारी, नारिंगी जाकिटे घातलेली जुनी शिकारी मंडळी म्हणतात की दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यात आता शिकार उरलीच नाही, शेंगा तोडाव्यात तशी हरणे टिपायची आणि घरी यायचे. मी गेली सतरा वर्षे याच पट्ट्यात शिकार करते. दोन्ही बोलणी मला पटत नाहीत, आणि त्यांतल्या दुसऱ्या बोलण्यामुळे आमच्या रानाचे प्रत्यक्ष नुकसान होत आहे असे माझे मत झाले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विस्कॉन्सिन नकाशावर एक राज्य असले तरी हरणांच्या हिशेबात ते दोन वेगळे मुलूख आहेत. उत्तरेला दाट जंगल, गुडघाभर बर्फ, लांबलेले हिवाळे आणि राज्यातल्या हजाराच्या आसपास लांडग्यांपैकी बहुतेक लांडगे; तिथे एखादा माणूस नऊच्या नऊ दिवस बसतो आणि त्याला शेपटीचे टोकही दिसत नाही. २०१३-१४ च्या कडक हिवाळ्यानंतर तिथल्या बऱ्याच जिल्ह्यांत मादी मारण्याची परवानगीच दिली गेली नव्हती. दक्षिणेला मात्र मका, सोयाबीन, अल्फाल्फाचा चारा, मधूनमधून ओकच्या राया, सौम्य हिवाळा आणि लांडगे जवळजवळ नाहीतच. पोटभर खाणाऱ्या मादीला इथे बहुधा जुळी पाडसे होतात. राज्यातली एकूण हरणे पंधरा लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा याच शेतीच्या पट्ट्यात चरतो. काही जिल्ह्यांत शिकारीच्या परवान्याबरोबर मादी मारण्याचे एकाहून अधिक परवाने वेगळे पैसे न घेता हातात ठेवले जातात, तरी ते सगळे वापरले जात नाहीत.

एवढी हरणे असताना ती मारणे सोपे असले पाहिजे, असे ज्याला वाटते त्याने ऑक्टोबरात धनुष्य घेऊन एकदा मचाणावर बसून पाहावे. दोन वर्षांपूर्वी मी एका ओढ्याकाठी पंधरा फूट उंचीवर बसले होते. त्या वर्षी ओकची फळे इतकी पडली होती की खाली नुसता सडा होता. साडेपाचच्या सुमारास सात हरणे आली. एक वयस्क मादी, दोन तरण्या माद्या आणि चार पाडसे. वारा माझ्या बाजूने होता, अंतर वीस यार्डांच्या आत होते, आणि मला फक्त धनुष्याची दोरी मागे ओढायची होती. ती हालचाल दोन सेकंदांची असते. एक मान खाली घालून खात होती तेव्हा दुसरीची मान वर होती. दुसरीने मान खाली घातली की एखादे पाडस नेमके माझ्या झाडाकडे बघत उभे राहायचे. तब्बल वीस मिनिटे माझा हात दोरीवरच होता. शेवटी म्हातारीला काहीतरी संशय आला. तिने मान खाली घातल्यासारखे केले आणि झटकन वर करून पाहिले, मग पुढचा डावा खूर जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला, नाकातून जोरात फुत्कार टाकला, आणि सात पांढऱ्या शेपट्या एकदम वर होऊन ओढ्यापलीकडे गेल्या. त्या संध्याकाळी त्या रायीत दुसरे हरीण फिरकले नाही.

उत्तरेतल्या एकट्या नराला दोन डोळे असतात, त्या दिवशी माझ्यासमोर चौदा होते. हरणे वाढतात तेव्हा दिसण्याची शक्यता वाढते हे खरे, पण आपण दिसण्याची शक्यताही त्याच हिशेबाने वाढते, हे मचाणावर न बसलेल्या माणसाला सहसा सुचत नाही.

मोठ्या नराच्या मागे लागलेल्यांसाठी तर भरपूर माद्या म्हणजे आणखीच अडचण असते. नोव्हेंबरात माजावर आलेला नर मादीच्या शोधात भर दिवसा मैलोन्‌मैल भटकतो, आणि त्या भटकंतीतच तो शिकाऱ्याच्या टप्प्यात येतो. पण ज्या रानात प्रत्येक झुडपाआड मादी उभी आहे, तिथे त्याने उन्हातान्हात वणवण कशासाठी करावी? शिंगांवर शिंगे वाजवून किंवा नराचा घुमा आवाज काढून त्याला बोलावण्याची युक्ती माद्या कमी असलेल्या भागात जितकी लागू पडते, तितकी इथे पडत नाही. शिवाय हंगामाच्या पहिल्या सकाळी गोळीबार सुरू झाला की दुपारपर्यंत निम्मी हरणे, जिथे बंदूक चालवता येत नाही अशा घरांच्या परसात, उभ्या मक्यात किंवा एखाद्या मोठ्या खासगी जमिनीच्या पोटात जाऊन बसतात आणि नंतर रात्रीच हलतात. जिल्ह्यात हरणे किती आहेत आणि तुम्ही बसला आहात त्या पंधरा एकरांत सूर्यप्रकाशात किती चालत येतात, या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत.

खासगी जमिनीचा विषय माझ्या जिव्हारी लागलेला आहे. दक्षिणेकडची बहुतांश जमीन खासगी असल्यामुळे कोणाच्या तरी परवानगीवाचून इथे शिकारीला पाऊल टाकता येत नाही. ज्यांनी मला बंदूक कशी पुसायची इथपासून सगळे शिकवले, त्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यांच्या रायीत मी सात वर्षे शिकार केली. त्यांचा नियम सरळ होता: आधी दोन माद्या, मग वाटल्यास नर. ते गेल्यावर मुलांनी ती राय एका गटाला भाड्याने दिली. या गटाला फक्त मोठ्या शिंगांचा नर हवा असतो. माद्यांवर गोळी चालवली की नर बिचकतो म्हणून ते माद्यांना हात लावत नाहीत, आणि ठरावीक मापाहून लहान शिंगांचा नर समोर आला तरी सोडून देतात. त्यांना शिकारीतले आव्हान टिकवायचे आहे, असे ते मला कुंपणापाशी फार सौजन्याने सांगतात. त्या रायीत आता ओकचे एकही रोप गुडघ्याच्या वर वाढत नाही, ट्रिलियमची पांढरी फुले दोन-तीन वर्षांत दिसेनाशी झाली, आणि शेजारच्या सोयाबीनच्या पहिल्या वीस ओळी दर वर्षी भुईसपाट होतात.

मादीला हात न लावण्याची ही रीत मुळात वाईट नव्हती. १९०० च्या आसपास बेसुमार बाजारू शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पांढऱ्या शेपटीची हरणे संपत आली होती, आणि विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये फक्त नर मारण्याचा कायदा केला. टंचाईच्या काळात तो शहाणपणाचाच होता, आणि दोन पिढ्यांनी तो धर्मासारखा पाळला. पण कळप सावरले, वाढले, उत्तरेच्या जंगलात हिवाळ्यात उपाशी मरू लागले, तरी मनातली रीत बदलली नाही. प्रसिद्ध वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड हे १९४३ मध्ये राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य होते. माद्या कमी केल्याशिवाय जंगल वाचणार नाही हे त्यांनी जाहीरपणे मांडले. त्या वर्षी माद्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली, सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली, आणि लोक इतके खवळले की त्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव पडले. लिओपोल्ड १९४८ मध्ये वारले तोवर तो राग निवलेला नव्हता.

अगदी तसाच राग मी स्वतः पाहिला आहे. १९९६ पासून काही भागांत असा नियम लागू झाला की आधी एक मादी किंवा पाडस मारून नोंदवायचे, त्यानंतरच नर मारण्याचा हक्क मिळायचा. २००० साली राज्यात सहा लाखांहून अधिक हरणे मारली गेली, आजवरची सर्वांत मोठी संख्या. नियम परिणामकारक होता हे त्याच्या विरोधकांनाही मान्य होते. तरीही समोर उभा असलेला देखणा नर हातचा जाऊ द्यायचा, कारण अजून मादी मारलेली नाही, हे लोकांना सहन झाले नाही, आणि २०११ मध्ये कायदा करून तो काढून टाकण्यात आला. मी शिकायला सुरुवात केली ती या नियमाच्या शेवटच्या वर्षांत. पहिल्याच हंगामात आठ टोकांच्या शिंगांचा नर माझ्यापासून चाळीस यार्डांवर दहा मिनिटे उभा राहिला आणि मी बंदूक मांडीवरच ठेवली. त्या दहा मिनिटांइतकी अवघड शिकार मी नंतर क्वचितच केली, आणि तो नियम परत यावा असे मला आजही मनापासून वाटते.

२००० पासून शिकाऱ्यांची संख्याही उतरणीला लागली आहे. २००० साली सुमारे सात लाख लोकांनी बंदुकीच्या हंगामाचा परवाना घेतला होता, आता तो आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आहे. माणसे कमी, माद्या जास्त, आणि उरलेल्या माणसांतले अनेक जण शिंगांच्या मोजपट्टीत गुंतलेले. हरणांची टंचाई असताना संयम म्हणजे मादीला सोडणे होते. आज इथे संयम म्हणजे मोठ्या नराची आशा बाजूला ठेवून, थंडीत बोटे बधिर झालेली असताना, तिसरी मादी नीट, एका गोळीत, वेदना न देता मारणे, ती ओढ्यातून वर ओढून आणणे, रात्री दहा वाजता गोठ्यात टांगून सोलणे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाणे. याची छायाचित्रे कोणी टाकत नाही. याला कसब लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी माझ्याबरोबर एकदा यावे.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते. फेब्रुवारी २००२ मध्ये आमच्याच भागात, माउंट होरेबजवळच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग पहिल्यांदा सापडला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे तो होतो, त्यावर उपाय नाही, आणि झालेले हरीण वाचत नाही. आज नैर्ऋत्येकडच्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नर बाधित निघतात. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे. त्यामुळे प्रत्येक हरणाचे डोके मी तपासणीला देते आणि निकाल येईपर्यंत मांसाच्या पुड्यांवर नोंदणी क्रमांक लिहून त्या फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. दाटी झालेल्या कळपात हा रोग पसरायला सोपे जाते. त्यात आणखी, मोठ्या शिंगांसाठी वर्षानुवर्षे राखलेले म्हातारे नर हेच सर्वाधिक बाधित निघतात, आणि तेच या भागातले सर्वांत मानाचे लक्ष्य आहेत!

मामांना मी नागझिऱ्याची आठवण करून देते. लहानपणी त्यांनीच मला तिथे चितळांचे कळप दाखवले. चितळ डोळ्यांपुढे शेकड्यांनी असूनही वाघाचे बहुतेक प्रयत्न फसतात, कारण एका चितळाने हाक दिली की झाडावरचे वानर ओरडते आणि सगळे रान जागे होते. तिथे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री आपले काम करतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने माणसांनी करायची शिकार बंद केली हे उत्तमच झाले. विस्कॉन्सिनच्या उदाहरणावरून भारतात कोणी परवाने मागू नयेत. आमच्या दक्षिण पट्ट्यात मात्र ते काम करणारे दुसरे कोणी उरलेले नाही.

यंदा मी तीन माद्या घेतल्या. दोघींचे निकाल आले, दोन्ही निर्दोष. एकीचे मांस घरी ठेवले आणि दुसरीचे गावातल्या अन्नछत्राला दिले. तिसरीचा निकाल अजून यायचा आहे, तिच्या पुड्या खालच्या कप्प्यात तशाच आहेत. नराचा परवाना कोरा राहिला. हंगामाच्या शेवटच्या दिवशी एक नर भाड्याच्या रायीच्या कुंपणापलीकडे, अंधार पडता पडता, पाच माद्यांच्या मागून चालत गेला.