माणूस विरुद्ध मशीन: सामना भरवताय? मग हे वाचाच

कोल्हापुरात माणूस विरुद्ध कॉम्प्युटर असा बुद्धिबळाचा सामना भरवणार असाल, तर पत्रिकेवर ठळक छापा: नियम दोघांना सारखेच. खासबागेत कुस्तीची जोड लावताना ताकद बघतात. तो मागासपणा इथं नको.

माणसाला दारातच झडती द्यायला लावा. मोबाइल, वही, चिठोरी बाहेर. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा नियमच आहे: डाव चालू असताना टिपणं बघायची नाहीत, दुसऱ्या पटावर खेळी मांडून बघायची नाही. मशीनच्या पोटातलं ओपनिंग बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा साठा, मात्र टिपण नव्हे, ती स्मरणशक्ती. पटावर राजे धरून सात मोहरी उरली की प्रत्येक स्थितीचा निकाल टेबलबेस नावाच्या कोठारात तयार असतो. सिझिजी नावाचा तसा संच 17-18 टेराबाइटचा. माणसानंही पाठ करावा, कोण अडवतंय? आणि आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर डीप ब्लू सेकंदाला 20 कोटी स्थिती तपासायचा, ते काही दुसऱ्या पटावर मांडणं नव्हे.

नमुना म्हणून 1997 चा न्यूयॉर्कचा सामना घ्या. जगज्जेत्या कास्पारोव्हचे डाव जगजाहीर, डीप ब्लूचे डाव त्याला बघायला मिळाले नाहीत. दोन डावांच्या मधे आयबीएमच्या लोकांना प्रोग्रॅममध्ये फेरफार करायची मुभा होती. सहाव्या डावात मशीननं आठव्या खेळीला घोड्याचा बळी दिला, तोही थेट बुकातून, आणि 19 खेळ्यांत डाव संपला. हरलेल्या माणसानं परतीचा सामना मागितला तर द्यायचा नाही, मशीन मोडीत काढायचं. हे कलम विसरू नका, सगळ्यात उपयोगाचं तेच आहे.

2006 च्या बॉनचा कित्ता मुळीच गिरवू नका. तिथं जगज्जेत्या क्रामनिकला समोरचा फ्रिट्झ हा प्रोग्रॅम आधी हातात दिला, वर ओपनिंग चालू असताना फ्रिट्झचं बुकही स्क्रीनवर दाखवलं. एवढे लाड! तरी दुसऱ्या डावात वजिराची एका खेळीतली मात त्याला दिसली नाही, आणि सामना 4-2 नं गेला. दमणं हा माणसाचा खासगी प्रश्न आहे, नियमावलीत त्याला जागा नाही.

भर दुपारी लाइट गेली तर घड्याळ थांबवा, मशीनवर अन्याय नको. माणसाला घेरी आली तर घड्याळ चालू द्या. हात लावलेली मोहरी हलवायचा नियम कडक पाळा. मशीनला हातच नसल्यानं त्याच्याकडून तो मोडणं शक्यच नाही, केवढी ही शिस्त! मोहरी ऑपरेटर हलवणार. त्याचा हात चुकीच्या घरात पडला तर ती ऑपरेटरची चूक, खेळी परत.

राहिला सत्कार. ऑपरेटरच्या डोक्याचं माप आधीच घेऊन ठेवा, फेटा त्यालाच बांधायचाय.