देवऋषी घरी येतो

२६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाचे ते फोटो अजून अधूनमधून फिरत येतात. कर्नाटकात कलबुर्गीजवळ आईबापांनी आपल्या अपंग लेकरांना ग्रहण सुटेपर्यंत गळ्याइतकं मातीत पुरून ठेवलं होतं, हातपाय सुधारतील म्हणून. खाली ठरलेल्या कमेंटी असतात. अडाणी लोक, एकविसावं शतक, चांद्रयान वगैरे. प्रकार भयंकरच होता, त्याची बाजू मला घ्यायची नाही. पण मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. अपंग लेकराचं घर आतून बघितलं की 'अडाणी' म्हणून विषय मिटवता येत नाही.

आमच्याकडं लेकरू मान धरत नाही, वर्षाचं झालं तरी बसत नाही, असं दिसलं की लोक देवऋषाकडं जातात हे खरं आहे. पण ते डॉक्टरकडंही जातात, आणि बहुतेकदा आधी डॉक्टरकडंच जातात. तालुक्याला, मग बीडला, मग संभाजीनगरला. सोयाबीनचे पैसे संपतात, मग गळ्यातलं मोडतात. शेवटी एक डॉक्टर सांगतो, जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडलाय, सेरेब्रल पाल्सी आहे, यावर गोळी-औषध नाही, फिजिओथेरपी करा. रोज करा. नंतरच्या पेशंटला हाक मारली जाते. रोज म्हणजे कुठं? आमच्या गावाहून फिजिओथेरपिस्ट गाठायचा तर जिल्ह्याला जावं लागतं. "रोज गेले तर खायाचं काय, सर?" एका आईनं मला विचारलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, डॉक्टरकडंही नसावं.

देवऋषी मात्र घरी येतो. माणसं कामावरून परतल्यावर, दिवेलागणीला. तासभर बसतो, चहा घेतो, लेकराला मांडीवर घेतो, आईला विचारतो की बाई, तुला पहिल्यांदा कधी जाणवलं. एवढ्या दवाखान्यांत हे तिला कुणी विचारलेलं नसतं. मग लिंबू, नारळ, कोंबडं, उतारा. गुण येत नाही हे घरच्यांना दोन-चार अमावस्यांत कळतं, ती काही खुळी माणसं नाहीत. तरी पुन्हा बोलावतात, कारण दुसरं कुणी उंबऱ्यापर्यंत येतच नाही.

सरकारकडं योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता असं पथक गाडीनं येतं, अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासतं. चांगली योजना आहे, हृदयाला छिद्र असलेली कितीतरी लेकरं यातून ऑपरेशन होऊन खेळायला लागली. पण ऑपरेशन एकदाच होतं. ज्या लेकराला वर्षानुवर्षं रोज अर्धा तास कुणाचा तरी हात लागायला हवा, त्याला पथक जिल्ह्याच्या केंद्राची चिठ्ठी देतं आणि पुढच्या गावाला जातं. त्यात आमच्या भागाची आणखी एक गोष्ट. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, नवराबायको मिळून एक कोयता. पथक येतं तेव्हा लेकरू फडावर, आणि फड कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात.

वाकड्या पायाचंच बघा. जन्मतःच आत वळलेलं पाऊल. याच्याइतकं सरळ होण्यासारखं अपंगत्व दुसरं नसेल. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू फिरवतात. साधारण पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकदा टाचेमागची शीर सुईएवढ्या जखमेतून मोकळी करायची, मग मधे पट्टी असलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. खरी गोम या बुटांत आहे. ते सोडले की पाऊल परत वळतं. माझ्या वर्गातल्या एका पोराचा धाकटा भाऊ प्लास्टर पुरं करून, बूट घालून फडावर गेला. पौषात बूट लहान झाले. बोटं वर यायला लागली, लेकरू रात्रभर रडायला लागलं, तेव्हा आईनं कोपीत पाचटाच्या बाजूला ते काढून ठेवले. पुढच्या मापाचे बूट जिल्ह्याला, आणि कोयता मोडून आई निघाली तर मुकादम खाडे धरणार. गुढीपाडव्याच्या सुमाराला ते परतले तेव्हा पाऊल पुन्हा आत. आता मला सांगा, या पायाचा देवऋषाशी काय संबंध? त्याचा हिशेब उचलीच्या वहीत आहे.

एक म्हातारी आठवते. नातू चार वर्षांचा, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. तिनं घराच्या सावलीला खड्डा खणला होता, लेकराच्या कंबरेइतका. कडेनं गोधडीच्या चिंध्या लावलेल्या, म्हणजे खरचटू नये. त्यात त्याला उभं करायची, पुढ्यात परातीत मुरमुरे ठेवायची. मला वाटलं हाही कलबुर्गीसारखाच प्रकार. विचारलं तर म्हणाली, "पाय भुईला टेकल्याबिगर जोर कसा येईल?" पुढं समग्र शिक्षा या सरकारी शाळा-योजनेच्या विशेष शिक्षिका आल्या. त्या खड्डा बघून हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, दवाखान्यात यासाठीच लाकडी स्टँड असतो. उभं राहून पायावर भार आला की खुब्याचं हाड नीट बसतं. फक्त तळवे सपाट टेकतात का बघा, गुडघ्यांच्या मधे उशी द्या, आणि एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नको. गावच्या सुतारानं मग त्याच मापाची लाकडी चौकट करून दिली. त्या बाई आल्या म्हणून हे झालं. नसत्या आल्या तर एखाद्या ग्रहणाला तोच खड्डा गळ्याइतका झाला नसता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण त्या बाईंकडं इतक्या शाळा दिल्यात की पुन्हा कधी येतील ते त्यांनाच सांगता येत नाही.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार धरले, ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की लाभ. टक्के मोजायला लेकरूच ठरल्या वारी दवाखान्यात न्यायचं. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती कार्ड हातात आल्यावर. दहा वर्षांचं ताठरलेलं पोर कडेवर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढणारी बाई एकदा बघा. आणि लहान वयात सर्टिफिकेट बहुतेकदा तात्पुरतं मिळतं, मुदत संपली की पुन्हा तीच एसटी.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या तोंडावर हजार-पाचशे वाटून, फोटो काढून मोकळे होतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला मिळणारे दीड हजाराचे अडीच हजार झाले, बरं झालं. पण पैसे हातात देऊन व्यायाम होत नाही. पाच-सात गावांच्या ग्रामपंचायतींनी हा निधी एकत्र करून आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट दुचाकीवर फिरवला, तर तो आजीला आणि आशाताईला हात कसा धरायचा ते शिकवेल, बाकीचे पाच दिवस त्या करतील. नियमात बसत नाही म्हणाल तर नियम बदलून घ्या. याच निधीतून फॅन आणि घड्याळं वाटायला बसवलेच होते की नियमात.

आणि फडाचं म्हणाल तर ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून हंगामात प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या गट ऑफिसला महिन्यातून एक दिवस वाकड्या पायाचे बूट, सगळ्या मापांचे, आणि ते बसवणारा माणूस ठेवा. त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, असं मुकादमाकडून लिहून घ्या. दसऱ्याच्या आधी टोळ्यांचे करार होतात, तेव्हाच हे ठरवायला लागेल. आमच्या भागातल्या कुणाची कारखान्यात किंवा महामंडळात ओळख असेल त्यांनी इनबॉक्समध्ये बोला, किती लेकरं कुठल्या फडावर जातात त्याची आमच्या शाळांच्या केंद्रापुरती यादी मी करून देतो.