सात दिवसांचा परीक्षित

‘सगळं सोडून कुठंतरी लांब जाऊन राहावं,’ हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं म्हणत आलोय. ऑफिसात साहेब ओरडले की म्हणतो, ट्रॅफिकमध्ये अडकलो की म्हणतो, वरच्या मजल्यावरच्यांनी ड्रिल मशीन सुरू केलं की तर दोनदा म्हणतो. हे वाक्य म्हणजे बेत नव्हे. ‘देवा, उचल रे बाबा आता’ म्हणणाऱ्या आजीला देवानं खरंच उचललेलं चालणार नसतं, तशातलं ते आहे. म्हणायचं, सुस्कारा सोडायचा आणि चहा टाकायला सांगायचं.

यंदा बायकोनं ते मनावर घेतलं.

फराळाच्या डब्यांत नुसता चिवड्याचा चुरा उरला होता त्या संध्याकाळी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. ‘‘अंदमान. नील बेट. सात दिवस. समुद्राजवळ, झाडीत एकटंच कॉटेज. टीव्ही नाही, शेजार नाही, फोनला रेंजसुद्धा नाही!’’ ती खुशखबर सांगावी तसं सांगत होती आणि मी आरोपीनं निकाल ऐकावा तसा ऐकत होतो. मी ‘अगं पण’ म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, ‘‘तूच म्हणायचास ना?’’

त्या तीन शब्दांनी माझा तक्रारीचा हक्क गेला. पुढं जे जे झालं त्यातलं खरं दुखणं हे आहे. रामाला निदान मनातल्या मनात कैकेयीकडे बोट दाखवता येत होतं. मी माझा वनवास स्वतः मागून घेतला होता, तोही पंधरा वर्षं हट्ट धरून.

रामाचं नाव उगाच काढलं नाही. नील बेटावरच्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथं वसवली गेली, त्यामुळे वस्ती बंगाली आणि भूगोल अयोध्येचा. बेटाचं ‘नील’ हे नाव ऐकून कुणाला निळं पाणी आठवेल, पण ते आलं १८५७ मधल्या नील नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावरून, आणि त्याची ख्याती लोकांना फासावर लटकवण्याबद्दल होती. २०१८ च्या डिसेंबरात सरकारनं ते नाव बदलून ‘शहीद द्वीप’ केलं. जेट्टीवर मात्र अजून सगळे ‘नील, नील’ असंच ओरडतात. पोर्ट ब्लेअरहून इथवरच्या दोन तासांच्या बोटप्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही. समुद्र कसा होता ते मला माहीत नाही, मी पूर्ण वेळ एका पिशवीत बघत होतो.

कॉटेज फोटोतल्यासारखंच होतं, याबद्दल वाद नाही. लाकडी खांबांवर उभं, बांबूच्या भिंती, वर पानांचं छप्पर. फोटोत एकच गोष्ट कळत नाही. बांबूच्या दोन पट्ट्यांमध्ये फट असते, आणि अशा हजार पट्ट्या असल्या की हजार फटी असतात. न्हाणीघराला अर्धंच छप्पर होतं. ‘निसर्गाच्या सान्निध्यात स्नान,’ असं जाहिरातीत लिहिलं होतं ते हेच. सान्निध्यातला निसर्ग बादलीच्या कडेवर बसला होता आणि मी टॉवेल सोडायची वाट बघत होता. त्याचे डोळे फार मोठे होते. मी त्याला ‘शुक शुक’ केलं. बेडकाला शुक शुक कळत नाही.

पहिल्या रात्री वीज गेली. मच्छरदाणीत पडून मी एकांत ऐकत होतो. तेवढ्यात डोक्यावरच्या छपरातून आवाज आला : ‘टॉक्-कू!’

घसा खाकरून कुणी हाक मारावी असा. मग पुन्हा. पुन्हा. पाच वेळा झाल्यावर एक लांब घरघर, आणि शांतता. बायको झोपेत हसली. मी सकाळपर्यंत जागा होतो.

सकाळी केअरटेकर चहा घेऊन आला तेव्हा मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं. तो म्हणाला, ‘‘ओ? ओ तो तोक्खोक है, दादा. इधर ही रहता है.’’

‘‘कौन?’’

मला कळावं म्हणून त्यानं बिचाऱ्यानं उच्चार शुद्ध केला. ‘‘तक्षक, तक्षक.’’

माझ्या हातातला चहा हिंदकळला. आमच्याकडे तक्षक एकच. परीक्षित राजाला सात दिवसांत तक्षक दंश करील असा शाप मिळतो, म्हणून राजा एका खांबावर महाल बांधून आत जाऊन बसतो. वारासुद्धा विचारून आत येईल असा बंदोबस्त. सातव्या दिवशी कुणी फळं आणून देतं, त्यातल्या एका फळात एवढीशी अळी असते, आणि तो तक्षक असतो. लहानपणी ही गोष्ट ऐकल्यावर मी महिनाभर पेरू खाल्ला नव्हता.

मी हिशेब केला. खांबांवरचं घर : आहे. सात दिवस : आगाऊ पैसे भरून. आणि टेबलावर केळी-पपयांची परडी, वर एक जास्वंद, ‘सप्रेम स्वागत’.

खुलासा नंतर झाला. बंगालीत अशा थोरल्या पालीला तक्षक म्हणतात. केअरटेकरनं टॉर्च मारून ती दाखवली. वाशाला चिकटून होती आणि चांगली वीतभर वाटली. अंदमानात मोठ्या पालीची एक जात अशी आहे की ती जगात दुसरीकडे कुठंच नाही, हे बायकोनं कुठूनसं डाउनलोड करून आणलेल्या माहितीतून वाचून दाखवलं. वाशावरची ती हीच असणार, असं तिनं ठरवूनही टाकलं. ‘‘बघ ना, किती भाग्यवान आपण!’’ मी भाग्यवान हसलो. माझ्या मनात शंकेची पाल जन्मभर चुकचुकत आलेली आहे, तिची मला सवय आहे. ती चुकचुकते. ही गर्जना करत होती.

तिथून पुढं रोज रात्री मी हाका मोजायला लागलो. सहाच्या वर कधी गेल्या नाहीत. का मोजत होतो ते विचारू नका. फळं मात्र मी चिरून, उजेडात धरून, मग बायकोला आधी देऊन खात होतो. तिला वाटलं, नवरा बेटावर येऊन प्रेमळ झाला.

आता वेळेचं. घड्याळ तिथं भारताचंच चालतं, पण सूर्य चालत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, अंदमान तिथून दहा अंश पूर्वेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य चाळीस मिनिटं घाईत. नोव्हेंबरात सव्वापाचला लख्ख उजाडतं, आणि दुपारचा चहा पिऊन कप खाली ठेवेपर्यंत, पाचच्या आत, सूर्य बुडालेला असतो. सहाला मिट्ट काळोख. साडेसहाला जेवण. सातला करायचं काय? घरी सात वाजता माझा दिवस सुरू होतो. इथं सातला बायको ‘‘किती छान शांत वाटतंय,’’ म्हणून झोपायची आणि मी छपराकडे बघत पडायचो. सात ते सव्वापाच हा काळ किती मोठा असतो याची कल्पना परीक्षा नसलेल्या वर्षी अभ्यासाला बसवलेल्या मुलालाच येईल.

समुद्राचाही वेगळाच कारभार. पहिल्या दिवशी अकरा वाजता आम्ही पोहायचे कपडे घालून, टॉवेल खांद्यावर टाकून किनाऱ्यावर गेलो तर समुद्र नव्हता. होता, पण लांब, पलीकडच्या गल्लीत गेल्यासारखा. मधे नुसते प्रवाळाचे अणकुचीदार खडक, त्यांत साचलेली डबकी, आणि डबक्यांत समुद्रकाकड्या नावाचे प्राणी, दुधी भोपळा सडायला ठेवावा तसे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे, पण त्याला मेमो देता येतो. बायकोनं केअरटेकरच्या आईकडून भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या. त्या माउलीला हिंदी बेताचं, हिला बंगाली शून्य. तरी दोघी तास-तासभर बोलायच्या आणि मधूनच माझ्याकडे बघून हसायच्या. तिसऱ्या दिवशी हिचं ‘बौदी’, म्हणजे वहिनी, झालं. चौथ्या दिवशी ही मासळीच्या झोलात, म्हणजे रश्शात, काय काय पडतं ते मला सांगायला लागली. मी नुसता ‘दादा’च राहिलो, पैसे भरणारा.

सँडफ्लाय नावाच्या किड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तो माझ्याशी सविस्तर वागला. हा डासाहून बारीक. चावताना कळत नाही, हीच त्याची लबाडी. तुम्ही वाळूवर आरामात पडून ‘काही नाही हो, उगाच घाबरवतात’ म्हणता, आणि रात्री नेमकं अंथरुणावर पडल्यावर पोटऱ्या पेटतात. खाजवावं तर वाढतं, न खाजवावं तर दुसरं काही सुचत नाही. मी मोजले : उजव्या पायावर एकोणतीस, डाव्यावर चौतीस. बायकोच्या पायावर दोन. ‘‘मी खोबरेल लावून गेले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मला सांगितलं का नाहीस?’’ ‘‘सांगितलं होतं. तू समुद्राकडे बघून ‘अहाहा’ म्हणत होतास.’’ हे खरं होतं. माझी तक्रार नाही असं दाखवायला मी दर दहा मिनिटांनी ‘अहाहा’ म्हणत होतो.

चौथ्या रात्री टेबलावर खरडल्याचा आवाज झाला. दुपारी मी किनाऱ्यावरून एक देखणा शंख उचलून आणला होता. शंख-प्रवाळ बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, प्रवाळ तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, हे बायकोनं बजावलं होतं. म्हणून मी तो फक्त टेबलावर, परडीशेजारी ठेवला होता. टॉर्च लावला. शंख जागेवर नव्हता. परडी तिरकी झालेली. आणि एक केळं हळूच हललं.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी ‘‘जनमेजया!’’ अशी हाक मारली. परीक्षिताच्या मुलाचं नाव. आमच्या मुलाचं नाव वेगळं आहे. केळ्याआडून तो शंख सहा-सात पाय काढून बाहेर आला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला, थबकला, आणि धप्पकन खाली पडून दाराच्या फटीतून चालू लागला. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. मी शंख उचलला नव्हता, कुणाचं तरी राहतं घर आतल्या माणसासकट उचलून आणलं होतं. तो निघून गेला तेव्हा मला हेवा वाटला, हे कबूल करतो. इतक्या सहज ते कॉटेज सोडणं मला जमलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी ‘जरा नारळपाणी पिऊन येतो’ असं सांगून सायकलवरून नील केंद्राच्या बाजारात गेलो. नारळ कॉटेजच्या चारही बाजूंना होते, बायकोनं ते बोलून दाखवलं नाही. चेन्नईहून समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची इंटरनेटची केबल २०२० साली अंदमानापर्यंत आणली आहे. आमच्या कॉटेजपासून शेवटची चार झाडं तेवढी राहून गेली होती. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर, डाव्या कोपऱ्यात, मान तिरकी केली की रेंज यायची. तिथं आधीच तीन पर्यटक माना तिरक्या करून उभे होते. कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही.

दोनशे चौदा मेसेज आले. साहेबांचा एकही नाही. शुभ सकाळ, शुभ रात्री, एक वाढदिवस, आणि ‘टाकी धुण्याचे काम असल्यामुळे मंगळवारी पाणी येणार नाही’ ही सोसायटीची सूचना. ती मी तीनदा वाचली. डोळे भरून आले. त्याखाली वरच्या मजल्यावरच्यांचा मेसेज होता : ‘आमचं ड्रिलिंगचं काम आज पूर्ण झालं. सहकार्याबद्दल आभार.’

सहावी रात्र मी आनंदात काढली. तक्षक पाचदा बोलून गप्प झाला. बॅगा मी संध्याकाळीच भरून ठेवल्या होत्या.

सातव्या दिवशी सकाळी सहाला मी जेट्टीवर हजर होतो. बोट दुपारची होती. दहाच्या सुमाराला वारा फिरला, अकराला पाऊस आला, आणि बाराला खिडकीतल्या माणसानं काचेवर कागद चिकटवला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, समुद्र खवळलेला, आज बोट नाही, उद्याचं उद्या कळेल. मी त्याला मराठीत विचारलं, मग हिंदीत, मग हात जोडून. त्यानं खिडकी लावून घेतली.

मागं वळलो तर बायको ऑटोवाल्याशी बोलत होती. तिनं केअरटेकरच्या आईला कळवूनही टाकलं होतं. कसं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ‘‘काही नाही, कॉटेज मोकळंच आहे म्हणाल्या. जेवायला झोल करतायत.’’ मग माझ्याकडे बघून ती मायेनं म्हणाली, ‘‘बघ, तुझ्या मनासारखं झालं.’’

टेबलावर नवी परडी होती. मी तिच्यावर टॉवेल टाकला, टॉवेलच्या चारही कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, आणि साडेसहाला जेवून मच्छरदाणीत शिरलो. बाहेर पाऊस कोसळत होता. बराच वेळ छपरात काही हललं नाही. मग खाकरल्यासारखं झालं.

एक. दोन. तीन. बायको झोपली होती. चार. पाच. सहा. मी घरघर ऐकायच्या तयारीत होतो. ‘टॉक्-कू!’ सात.

मी पायाशी असलेला टॉर्च हळूच जवळ ओढला.

आठ.